कौसाबाईंना मी बाहेर बसवलं

माझा हात भाजतोय, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं.

दुपारची वेळ होती. छावणीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी घरीच शिलाई करते. त्या दिवशी एका ब्लाउजच्या बाह्यांना इस्त्री करत होते. माझी मुलगी कृपा, तेव्हा दहा वर्षांची, शेजारी गृहपाठ लिहीत बसली होती. तिनं नाक वर केलं. "मम्मी, काहीतरी जळतंय."

मी बाही उलटून बघितली. "काही नाही जळत. गॅस बघून ये बरं."

ती उठली नाही. माझ्या डाव्या हाताकडं बघत राहिली आणि मग किंचाळली. करंगळीखालची तळहाताची कड इस्त्रीला टेकलेली होती. तिथली कातडी पांढरी पडून आक्रसली होती. मी हात मागं घेतला तो पोर ओरडली म्हणून. दुखत तर काहीच नव्हतं.

तो वास मला अजून येतो. इस्त्री थंड असते, गॅस बंद असतो, आणि मी आपला हात नाकाशी धरून स्वयंपाकघरात उभी असते.

*

मी शालिनी. आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे मला टीचर म्हणतात. शाळेतली टीचर नव्हे. दर रविवारी भक्तीच्या आधी तासभर चर्चमागच्या खोलीत मी लहान मुलांना प्रभू येशूच्या गोष्टी सांगते. पंधरा वर्षं सांगितल्या. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज वाळूजला कंपनीत आहेत, काहींची लग्नं झाली. रस्त्यात भेटली तर "सलाम टीचर" म्हणून गाडी थांबवतात.

वर्षातून एकदा मी महारोग्याची गोष्ट करून घ्यायची. एका मुलाला जुनी चादर गुंडाळायची, पायात घुंगरू बांधायचे. तो खोलीत यायचा, "दूर व्हा, दूर व्हा" म्हणायचा, आणि बाकीची पोरं किंचाळत भिंतीला जाऊन चिकटायची. लई मजा यायची त्यांना. मग येशू झालेला मुलगा पुढं यायचा, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चादर गळून पडायची. येशूचं काम सगळ्यांना हवं असायचं. चादर कुणालाच नको असायची. मग चिठ्ठी टाकायची.

शेवटी मी विचारायची, "आपण कुणाला दूर लोटायचं का?"

"नाही, टीचर!"

आणि गोळ्या वाटायची. मला मनापासून वाटायचं की मी पोरांना दया शिकवतेय.

*

कोपरावर एक तांबूस चट्टा दीड वर्षापासून होता. गजकर्ण समजून मी मलम लावत होते. हात भाजला तेव्हा नवरा, विलास, मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं कापसाची बारीक वात केली. म्हणाली, "डोळे मिटा. मी जिथं जिथं हात लावीन तिथं बोट ठेवून दाखवा."

मी डोळे मिटले. कपाळावर लागलं, दाखवलं. उजव्या दंडावर लागलं, दाखवलं. मग काहीच लागेना. मला वाटलं, ती काहीतरी लिहीत असेल. मी शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून बसून राहिले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते.

"उघडा डोळे," ती म्हणाली. "झालं."

"अजून हाताचं राहिलं ना?"

तिनं विलासकडं बघितलं. विलास भिंतीकडं बघत होता. त्यानं सगळं बघितलं होतं. माझ्या डाव्या हातावर तिनं पाच-सहा ठिकाणी वात फिरवली होती आणि मी तिची वाट बघत बसले होते.

मग तिनं आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठरोग. अगदी साध्या आवाजात सांगितलं, सर्दी सांगावी तसं. औषध फुकट मिळतं, वर्षभर घ्यायचं, पूर्ण बरं होतं, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होत नाही. एवढं सगळं ती सांगत होती आणि मी फक्त घुंगरांचा आवाज ऐकत होते.

बाहेरच्या बाकावर विलास म्हणाला, "बिडकीनला माझ्या आईला सांगायचं नाही."

"बरं."

"मंडळीत पण नाही."

"बरं."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "चहा घेतेस?" मी हो म्हटलं. त्यानं आणला. कागदाचा कप होता. मी उजव्या हातात धरला, कारण डाव्याला तो गरम आहे की गार, हे मला सांगता येत नव्हतं.

*

घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. आठवड्याभरानं मी कृपाला घेऊन गेले. तिथल्या शेख सिस्टर फार समजूतदार. दार लावून, पडदा ओढून त्यांनी तिची पाठ, हात, पाय बघितले. "कुछ नहीं है बेटा, एकदम साफ," म्हणाल्या. पुढं काही होऊ नये म्हणून तिला एकदाच घ्यायचं औषध दिलं.

परत येताना रिक्षाला मिल कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, हा तोच आजार आहे ना? आपल्या नाटकातला?"

खोटं बोलायचा विचार मनात आला. पण ती माझ्याकडं सरळ बघत होती. "हो," मी म्हटलं.

"मग आता तुला पण बाहेर बसवतील?"

"कुठं बाहेर?"

"व्हरांड्यात. त्या आजीला तू खुर्ची दिली होती ना, तसं."

सिग्नल सुटला. रिक्षा निघाली.

*

चार वर्षं झाली होती त्या गोष्टीला. कृपा तेव्हा सहा वर्षांची, माझ्याच वर्गात.

नाताळाच्या आधीचा रविवार. पोरं गाणी बसवत होती. एक म्हातारी दारात आली आणि मागच्या बाकावर, मुलांच्या रांगेतच, येऊन बसली. पांढरं धुवट लुगडं. पायात काळ्या जाड रबरी चपला, टाचेला पट्टा असलेल्या. हाताची बोटं निम्म्यावर संपलेली.

"गाण्याचा आवाज आला म्हणून आले, माय," ती म्हणाली. "मी कौसाबाई. मला पण थोडं येतंय गाणं."

पोरं वळून वळून बघायला लागली. एका मुलाची आई दारात उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. तेवढं पुरलं.

मी कौसाबाईंजवळ गेले. हसले. म्हटलं, "मावशी, इथं फार कोंदट होतंय. बाहेर हवेला बसता का? मी खुर्ची देते ना."

डिसेंबरची सकाळ होती. अंगावर स्वेटर होते सगळ्यांच्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. "बसते की," म्हणाल्या आणि उठल्या.

खुर्ची मी स्वतः उचलून नेली. खांबाजवळ ठेवली. त्या बसल्या. मी आत आले, दार लावून घेतलं, नळाखाली साबणानं हात धुतले, आणि म्हटलं, "चला, पहिल्यापासून." वर्ग सुटला तेव्हा खुर्ची रिकामी होती. ती मी फिनाईलनं पुसली.

मी त्यांना एक शब्द वाईट बोलले नाही. वाईट बोलले असते तर मलाच टोचलं असतं, कदाचित मागं धावले असते. मी गोड बोलले, म्हणून विसरले. कृपा विसरली नव्हती. महारोग्याचं नाटक तिनं माझ्या वर्गात दोन-तीनदा केलं असेल. पण शिकायचं ते तिनं त्या एका सकाळी शिकून घेतलं होतं.

*

रिक्षातल्या त्या दिवसापासून मला कौसाबाईंच्या चपला ऐकू यायला लागल्या. जाड रबराचा फरशीवर होतो तसा आवाज, सपक, सपक, आणि मग थांबतो. भर दुपारी मशीनवर बसलेली असताना. विलास कामावर, कृपा शाळेत. मी उठून दार उघडायची. गल्लीत ऊन असायचं, बाकी कुणी नाही.

दवाखान्यात महिन्याचं पाकीट घ्यायला गेले की रांगेतल्या प्रत्येक म्हातारीचे पाय बघायची. ती दिसावी असं वाटायचं आणि दिसू नये असंही वाटायचं. शेख सिस्टरांना विचारावं, कौसाबाई नावाच्या कुणी येतात का? तीनदा तोंडापर्यंत आलं. विचारलं नाही.

प्रार्थना करणं जमेना. डोळे मिटले की ती कापसाची वात आठवायची. आता हात लागला असेल, मला कळत नसेल. देवाचंही तसंच झालं असेल का, असं वाटायचं.

*

औषधांनी तोंड काळवंडलं. पहिल्या महिन्यात आरसा टाळत होते, नंतर लोकांना टाळायला लागले. चर्चमध्ये विचारायचे, "टीचर, काय झालं हो चेहऱ्याला?" मी म्हणायची, "ॲलर्जी." रविवारचा वर्ग चालूच ठेवला होता. लागण होत नाही हे माहीत होतं, तरी पोरांच्या अंगाला अंग लागू नये म्हणून हात मागं बांधून शिकवायची.

घरात भांडणं नव्हती. भांडणं असती तर बरं झालं असतं. विलास बाहेरच्या खोलीत झोपायला लागला, कूलर तिकडं आहे म्हणून. कृपा वेणी घालून घेईना. आपली आपण कसातरी रिबिनीचा बो बांधून जायची. मी तरी कुणाला काय म्हणून बोलणार?

एका रविवारी दुपारी विलास जुन्या कपड्याच्या चिंध्या घेऊन स्वयंपाकघरात बसला. तव्याचा दांडा, कढईचे कान, कुकरचं हँडल, पातेल्याची सांडशी, सगळ्याला त्यानं चिंध्या गुंडाळल्या आणि दोऱ्यानं घट्ट शिवल्या. कंपनीत मशीनचे पाइप गुंडाळतात तशा, एकावर एक. तीन तास लागले. झाल्यावर म्हणाला, "उघड्या भांड्याला हात लावायचा नाही. मला विचारायचं आधी." आणि उठून गेला. मी त्या तव्याकडं बघत खूप रडले. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. तेवढा विचार माझ्या हाताचा कुणी केला नव्हता, मीसुद्धा नाही.

*

कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. पण पाचव्या महिन्यात चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीच्या मनोरमाताई घरी आल्या.

दोघं पलंगाच्या कडेला बसली. मी चहा केला. चहावर साय धरली, तरी कप उचलला गेला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चांगली केली. मग मनोरमाताई म्हणाल्या, "टीचर, किती वर्षं राबलात तुम्ही पोरांसाठी. आता जरा आराम करा ना. तुमच्याच तब्येतीसाठी म्हणते मी."

इतक्या गोड बोलल्या त्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि आवाज मला ओळखीचा वाटत होता. तो माझाच होता. तेच हसू, तीच काळजी. फक्त खुर्ची द्यायची राहिली होती.

"बसते की," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

"आराम करते म्हटलं."

*

सातव्या महिन्यात डाव्या हाताची शीर सुजली. कोपरापासून करंगळीपर्यंत अशी कळ यायची की दातांनी पदर फाडला. ज्या हाताला आगीचं कळत नव्हतं, तो आतून पेटला होता. डॉक्टर म्हणाली, औषध उलटलेलं नाही, शरीर झगडतंय. पण बोटं वाकडी व्हायला नकोत म्हणून ॲडमिट व्हा.

वॉर्डात बायकांच्या आठ खाटा. सकाळी सहाला चहा, मग गोळ्यांची ट्रॉली, मग कोमट पाण्यात हातपाय बुडवून बसायचं, तेल लावायचं, तळपाय आरशात बघायचे. काही टोचलं असेल तर आपल्याला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. दहाला वितळलेल्या मेणाचा शेक. मग हाताला फळी बांधून दुपारभर पडून राहायचं. पहिले दोन दिवस मी तोंडावर पदर घेऊन पडले होते. इतकी भीती मला आजाराचीही वाटली नव्हती. वाटायचं, आता मी ह्यांच्यातली झाले. असं वाटलं हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

शेजारच्या खाटेवर गिरजाबाई होत्या. साठीच्या, मूळच्या सोयगावकडच्या. तरुणपणी आजार झाला, घरच्यांनी आणून सोडलं, तेव्हापासून शहराबाहेरच्या रुग्णांच्या वस्तीत राहत होत्या. आजार केव्हाच बरा झालेला, पण तळपायाला जखम झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"ए बाई, पदर काढ तोंडावरचा. गुदमरून मरशील, अन् म्हनतील रोगानं मेली."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"काय करती तू?"

"शिलाई. अन् छावणीतल्या चर्चमध्ये पोरांना येशूच्या गोष्टी सांगते. सांगत होते."

"छावनीतल्या व्हय? आमच्या वस्तीतली कौसाबाई गेलती तिथं एकदा."

मी उठून बसले. हाताची फळी खाटेच्या दांड्यावर आपटली.

गिरजाबाई आपल्याच नादात सांगत होत्या. "लई गुणगान करायची. म्हनायची, पोरांच्या बाईनं मला हवेला खुर्ची दिली. सोता उचलून आनली, म्हनायची. आल्यागेल्याला सांगायची."

"त्यांना कळलं नव्हतं का, बाहेर का बसवलं ते?"

"कौसाबाईला?" गिरजाबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "चाळीस वरसं काढली तिनं ह्या रोगापायी. मानूस दारात उभं राहिलं की तिला कळायचं, हे आपल्याला कुठवर येऊ देनार ते."

"मग असं का सांगायच्या?"

"तिला तसं सांगायचं व्हतं. कुनाचं वाईट घेऊन ती घरी यायचीच नाय."

"आता कुठं असतात?"

"गेली की. दोन वरसं झाली."

पलीकडच्या खाटेवरची बाई खोकत होती. मी म्हटलं, "गिरजाबाई, ती खुर्ची देणारी बाई मी."

"व्हय का," एवढंच त्या म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. दुपारभर ती पाठ माझ्यासमोर होती. चपलांची चाहूल मात्र त्या दिवशी आली नाही. वाट बघितली मी तिची.

चारचा चहा आला तेव्हा त्या वळल्या. पाण्याची बाटली पुढं केली. "हे झाकन निघंना. बघ बरं."

त्यांच्या हाताला बोटं नव्हती, माझ्या एका हाताला फळी होती. त्यांनी दोन्ही तळव्यांत बाटली दाबून धरली, मी उजव्या हातानं झाकण फिरवलं. पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा थोडं पाणी गादीवर सांडलं आणि निघालं. त्या घटाघटा प्यायल्या, मग बाटली माझ्याकडं केली. "पी."

मी प्यायले.

माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणू शकणारी बाई गेली होती. हे ओझं आता उतरायचं नाही, हे मला त्या वॉर्डात समजलं. पण ते घेऊन पाणी पिता येतं, झाकण उघडता येतं, एवढं गिरजाबाईंनी दाखवलं.

*

बारा दिवसांनी घरी आले. करंगळी थोडी वाकडी राहिली. पुढच्या सोमवारी सकाळी कृपा कंगवा घेऊन माझ्यासमोर येऊन पाठ करून बसली. माझ्या डाव्या हाताला पेड नीट धरता येईना, वेणी सैल झाली. "सुटेल गं ही," मी म्हटलं.

"सुटू दे. शाळेत परत बांधीन."

मग मान न वळवता तिनं विचारलं, "मम्मी, मी तुला घाबरले होते. तुला राग आला होता का?"

"नाही. मला पण माझी भीती वाटत होती."

हे वाचणाऱ्या कुणाच्या अंगावर असा चट्टा असेल, ज्याला गरम-गार कळत नाही, तर मलमावर दिवस घालवू नका. मी दीड वर्ष घालवलं, त्याची खूण करंगळीवर आहे. औषध आहे आणि ते लागू पडतं. माणसाला बाहेर बसवण्यावर औषध आहे का, मला माहीत नाही.

*

कोर्स संपला त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, मला माझा वर्ग परत हवा आहे. मनात पुष्कळ भांडण घेऊन गेले होते. पाळकसाहेब वयानं माझ्यापेक्षा लहान. खाली बघत म्हणाले, "टीचर, त्या दिवशी मी तुमच्या घरचा चहा प्यायलो नाही. तेव्हापासून उपदेशाला उभा राहिलो की तो कप आठवतो. वर्ग तुमचाच आहे. पण आईबाप पोरं पाठवतील का, ते मी सांगू शकत नाही."

पूर्वी पंधरा-सोळा मुलं असायची. त्या रविवारी सहा आली. त्यातली एक कृपा.

चादर मी आणली नव्हती, घुंगरूही नाही. मी बाकावर बसले आणि सांगितलं की आपण जे नाटक करायचो, तो आजार मला झाला होता. बाही वर करून चट्ट्याची जागा दाखवली. करंगळी दाखवली. दवाखान्यातल्या गिरजाबाईंबद्दल, त्यांच्या पायाच्या जखमेबद्दल सांगितलं. मग कौसाबाईंची गोष्ट सांगितली. काही गाळलं नाही. हसून बोलले ते, दार लावलं ते, साबणानं हात धुतले ते.



एकानं विचारलं, "टीचर, दुखतं का?"

"आता नाही."

"त्या आजी रडल्या का?"

"माहीत नाही. मी बघायला थांबलेच नाही."

"मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"नाही. म्हणावंसं वाटलं तेव्हा उशीर झाला होता. त्या वारल्या होत्या."

"मग आता काय करणार?"

"तुम्हाला सांगतेय," मी म्हटलं. "एवढंच येतंय मला."

रेचल नावाची आठ वर्षांची मुलगी लांबच्या कोपऱ्यात, दाराजवळ बसली होती. ती म्हणाली, "टीचर, माझ्या मम्मीनं सांगितलंय, तुमच्याजवळ बसायचं नाही."

"बरं."

"मला पण भीती वाटते."

"वाटू दे. भीती वाटली म्हणून तू वाईट होत नाहीस."

तिनं विचार केला. फ्रॉकचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. मग उठली, खोली ओलांडून आली आणि माझ्याच बाकावर बसली. मध्ये एक वीतभर जागा ठेवून.

पूर्वी मी तिला जवळ ओढलं असतं. शाब्बास म्हटलं असतं, बघा, येशूला किती आनंद झाला म्हटलं असतं, गोळी दिली असती. मी काही केलं नाही. ती वीतभर जागा तिनं स्वतः मोजून ठेवलेली होती. माझ्या बाजूनं मी ती कमी केली नाही.

ती थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मग ती दवाखान्यातली आजी?" तिनं विचारलं. "तिचा पाय बरा झाला का?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात जाऊन विचारते," मी म्हटलं.

"मला सांगा मग," रेचल म्हणाली.